मोटारींतील ऊब कोठें अडते?

मोटारीच्या हीटरला स्वतःची ऊब नसते, ही साधी गोष्ट पुष्कळ मोटारमालकांच्या ध्यानांत आलेली नसते. घरांतील विजेच्या शेगडींत जशी कळ दाबतांच तार तापते, तशीच कांहीं तरी योजना डॅशबोर्डच्या मागें असावी, अशी त्यांची समजूत असते. त्यामुळें हीटर थंड वारा फेकूं लागला, कीं "हीटर बिघडला" एवढें निदान करून ते मोकळे होतात. महाराष्ट्राच्या हवेंत या समजुतीनें विशेष अडत नाहीं. येथें हीटरची आठवण व्हावयाची ती महाबळेश्वरच्या एखाद्या पहांटे, आणि तीही घटकाभर.

परंतु मोटारींचे पल्ले आतां लांबले आहेत. इ. स. २०२० च्या ऑक्टोबरांत रोहतांगखालचा सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला, आणि पूर्वी हिवाळ्यांत बर्फामुळें महिनोन् महिने तुटून राहणारें लाहौल मैदानी मुलखांतील मोटारींच्या टप्प्यांत आलें. तेथें जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याच्या बराच खालीं उतरतो. अशा ठिकाणीं हीटर ही चैनीची वस्तु राहत नाहीं. आंतील माणसांच्या श्वासानें समोरची कांच धुरकटते, बाहेरून तिजवर हिम धरतें, आणि घाटाच्या वळणावर रस्ता दिसेनासा होतो. कांच स्वच्छ ठेवणारा गरम वारा न येणें म्हणजे तेथें जिवाशीं गांठ आहे.

हीटरची रचना समजली, कीं निदान अर्धें झालें. एंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकीं स्थूलमानानें तिसरा हिस्साच चाकांच्या कामीं येतो. उरलेली बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें धुराबरोबर आणि एंजिनभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. या तापलेल्या पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांनीं डॅशबोर्डच्या मागें नेलेला असतो. तेथें एक लहानसा रेडिएटर बसविलेला असून पंखा त्यांतून हवा ढकलतो. हीटर म्हणतात तो एवढाच. प्रारंभींच्या कांहीं मोटारींत धुराच्या नळीभोंवतीं तापलेली हवाच आंत घेत. परंतु नळीस भेग पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु आंत शिरण्याचें भय असे. १९३८ सालीं अमेरिकेंतील नॅश कंपनीनें बाहेरची हवा गाळून, ती एंजिनच्या पाण्याच्या उबेवर तापवून आंत सोडण्याची योजना बाजारांत आणली. आजच्या बहुतेक मोटारींतील हीटर त्याच तत्त्वावर चालतो.

यावरून उघड होईल, कीं थंड वारा ही बहुधा एंजिनच्या पाण्याची तक्रार असते. ती ऐकून न घेतां पंखा लावला, बंद केला आणि प्रवास पुढें चालविला, तर बिघाड हीटरपुरता राहत नाहीं.

पहिली परीक्षा उष्णतेच्या कांट्याची. एंजिन नुकतेंच सुरू केलें असेल, तर थंड वारा येणें स्वाभाविक आहे. पाणी तापण्यास कांहीं मिनिटें लागतात, आणि डिझेलच्या एंजिनास त्याहून अधिक. परंतु पंधरा-वीस मिनिटें रस्ता तोडूनही कांटा खालींच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. ही मेणाच्या गोळीवर चालणारी एक छोटी झडप आहे. पाणी सुमारें ८० ते ९० अंश सेल्सिअस तापलें, कीं मेण वितळून फुगतें, झडप उघडते आणि पाण्यास मोठ्या रेडिएटरची वाट मिळते. झडप उघडीच अडकली, तर पाणी तापण्यापूर्वींच निवत राहतें. आपल्याकडे उष्ण हवेचें निमित्त सांगून कांहीं मिस्त्री ही झडप काढूनच टाकतात. एंजिन त्यामुळें थंड राहतें हें खरें. पण तें जरुरीपेक्षां थंड राहतें, पेट्रोल अधिक खातें, लवकर झिजतें, आणि हिमालयांत पोंचल्यावर त्या मोटारींत ऊब कोठून येणार?

दुसरी अवस्था अधिक धोक्याची. कांटा वर चढत आहे आणि हीटर मात्र थंड आहे, असें दिसलें, तर पाणी कमी झालें आहे किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे, असें समजावें. पुष्कळ मोटारींत हीटरचा रेडिएटर उंचावर असतो. म्हणून पाणी घटलें, कीं तो आधीं कोरडा पडतो. अशा वेळीं मोटार तत्काळ बाजूस घेऊन एंजिन बंद करावें. रेडिएटरचें झांकण मात्र लगेच उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांपलीकडे गेलें तरी उकळत नाहीं. झांकण उघडतांच दाब जातो आणि तेंच पाणी वाफेसह तोंडावर उसळतें. एंजिन पुरतें निवेपर्यंत थांबणें, हाच येथें एकमेव शहाणपणा होय.

कांटा मध्यावर स्थिर असून वारा थंड असेल, तर हीटरकडे जाणाऱ्या त्या दोन नळ्या तपासाव्या. एंजिन बंद करून, हातीं जाड कापड घेऊन, त्यांस क्षणभर स्पर्श करावा. विजेचा पंखा एंजिन बंद असतांही अकस्मात् फिरूं लागतो, याची जाणीव ठेवावी. दोन्ही नळ्या गरम असतील, तर पाणी ठीक आहे. दोष वाऱ्याची वाट बदलणाऱ्या आंतील झडपेचा, तिच्या तारेचा किंवा ती फिरविणाऱ्या लहान मोटरचा. एक गरम आणि दुसरी थंड असेल, तर लहान रेडिएटर गाळानें चोंदला आहे, किंवा तेथें पाण्याची तोटी असल्यास ती उघडत नाहीं. चोंदलेला रेडिएटर उलट दिशेनें बेताच्या दाबाचें पाणी सोडून पुष्कळदां मोकळा होतो. गाडींत गोडसर वास, कांचेवर चिकट धुरकटपणा आणि पायांखालचा गालिचा ओला, हीं चिन्हें दिसल्यास मात्र तो गळत आहे. मग दुरुस्ती कारखान्यांतच करावी.

हा गाळ येतो कोठून? बहुतांशीं नळाच्या पाण्यांतून. रेडिएटरांत कूलंट कमी झालें, कीं वाटेंत मिळेल तें पाणी ओतण्याची संवय सर्वत्र आहे. त्यानें क्षार बसतात, गंज धरतो, आणि कूलंट पातळ होतें. मैदानांत हें खपून जातें, हिमांत नाहीं. पाणी गोठतांना त्याचा आकार सुमारें ९ टक्के वाढतो, आणि त्या जोरापुढें एंजिनचें बीडही तडकतें. शुद्ध पाणी व एथिलीन ग्लायकॉलचें कूलंट निम्मेनिम्म घेतल्यास मिश्रण उणें ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीं. हें द्रव्य चवीस गोड पण विषारी आहे. म्हणून काढलेलें कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या वाटेंत उघडें ठेवूं नये. नवें भरतांना एंजिन थंड असावें, मोटारीचें नाक चढाकडे असावें, हीटरची खुंटी पूर्ण गरमावर ठेवावी, आणि बुडबुडे येणें थांबेपर्यंत पाणी पुरवीत राहावें. म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींना मात्र हें विवेचन लागू नाहीं. त्यांत फुकट मिळणारी एंजिनची ऊब नसल्यामुळें ती बॅटरींतूनच काढावी लागते, आणि थंडींत त्यांचा पल्ला घटतो तो कांहीं अंशीं याच कारणानें.

उत्तरेकडे निघण्यापूर्वीं पुण्या-मुंबईच्या उकाड्यांत हीटर लावून पाहणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. तरी तसें करावें. एंजिन तापल्यावर खुंटी पूर्ण फिरवावी, पंखा लावावा, आणि हातावर गरम वारा येतो कीं नाहीं तें पाहावें. न आल्यास मिस्त्री शेजारच्या गल्लींत आहे, आणि दुरुस्तीस दिवस हातीं आहेत. लाहौलच्या रस्त्यावर रात्रीं यांतलें कांहींच हातीं नसतें.