सिस्टर, तुमची नोंद कोर्टात बोलते

(सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतील परिचारिकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



समन्स हातात पडलं की तुमच्यापैकी बहुतेकींच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. ड्यूटी बदलून घ्यायची, घरी काय सांगायचं ते ठरवायचं, आणि घटना तर चार-पाच वर्षांपूर्वीची! त्यानंतर हातांखालून शेकडो पेशंट गेलेले. आज मी कलमं पाठ करून घ्यायला आलेली नाही. एवढंच सांगायचं आहे की तुमची साक्ष पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुरू होत नाही. ती रात्रपाळीत तुम्ही केसपेपरवर पेन टेकवता तेव्हाच सुरू झालेली असते.

अमेरिकेत परिचारिकांनी या कामाचं वेगळं क्षेत्रच उभं केलं. १९७० च्या दशकात मेम्फिस, मिनिआपोलिस अशा शहरांत बलात्कारित स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित परिचारिका करू लागल्या. वकिलांना वैद्यकीय कागद उलगडून सांगणाऱ्या, खटल्याच्या मांडणीत मदत करणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १९८९ साली झाली. आपल्याकडे कायद्याने ही तपासणी नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. परिचारिकेला तो दर्जा मिळायला हवा असं माझं मत आहे, पण ती लढाई लांबची. आजचं वास्तव असं की डॉक्टर राउंड घेऊन जातात आणि रात्रभर खाटेपाशी तुम्ही असता.

जळीत वॉर्डाचंच घ्या. बाई येते तेव्हा नवरा, सासू, दीर सोबत असतात. केसपेपरवर लिहिलं जातं, ‘स्टोव्हचा भडका उडाला’. रात्री नातेवाईक खाली चहाला गेले की तीच बाई पाणी मागता मागता तुम्हाला वेगळंच सांगते. आपला कायदा मृत्युपूर्व जबानी फक्त मॅजिस्ट्रेटनेच घ्यावी असं म्हणत नाही. ती डॉक्टरला, सिस्टरला, शेजारणीलाही सांगितलेली असू शकते. मरण समोर दिसत असतानाच ती बोललेली असावी, ही इंग्लंडच्या जुन्या कायद्यातली अटही आपल्याकडे नाही. म्हणून ती बोलली तर लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरला उठवा, पोलिसांना कळवायला सांगा आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहा. ‘पेशंटने कौटुंबिक वादाची हिस्ट्री दिली’ असं लिहिलंत तर तिचं म्हणणं तिथेच मेलं. ‘त्यानं रॉकेल वतलं’ असं ती म्हणाली असेल तर तेच लिहा. वेळ घाला. त्या वेळी खाटेजवळ कोण होतं तेही लिहा. आधीचा स्टोव्हचा जबाब सासूसमोर दिलेला होता, ही एक ओळ खटला फिरवू शकते.

बचावाचे वकील पुढे काय विचारणार ते ठरलेलं आहे. ‘एवढी भाजलेली बाई शुद्धीत होती कशावरून? गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं ना?’ इथे तुमचा औषधांचा तक्ता कामाला येतो. इंजेक्शन किती वाजता दिलं, त्यानंतर ती हाकेला ओ देत होती का, पाणी मागत होती का. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की जबानी घेणाऱ्याची ती शुद्धीत असल्याची खात्री झाली असेल, तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून जबानी बाद होत नाही. मग अशी खात्री पटवणाऱ्या नोंदींचं मोल किती, तुम्हीच पाहा.

बलात्काराच्या केसमध्ये दुसरीच गंमत. ‘गंमत’ म्हणते, कारण रडून तरी किती वर्षं काढायची! मथुरा प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, यावरून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती गृहीत धरली. त्या निकालाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, कायदा बदलला, पण ‘जखमा नाहीत म्हणजे काही घडलंच नाही’ हे वाक्य अजून कागदांवर सापडतं. तुम्ही दिसेल ते लिहा: ओरखडा कुठे, किती सेंटिमीटर, रंग कोणता, फाटलेला कपडा कोणता, ती थरथरत होती का. निष्कर्ष काढू नका. आणि ‘दोन बोटांची तपासणी’ कुणी करत असेल तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला गैरवर्तन ठरवलं आहे, हे ठामपणे सांगा. डॉक्टरसमोर बोलणं सोपं नाही, मला कल्पना आहे. मेट्रनना सोबत घ्या.

आता यंत्रांबद्दल. हातात मोबाइल आहे म्हणून जखमेचा फोटो काढून वॉर्डच्या ग्रुपवर टाकला, असं कदापि होऊ देऊ नका. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. फोटो हवाच असेल तर तिची संमती लिहून घ्या, रुग्णालयाच्या कॅमेऱ्याने काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, कुणी आणि केव्हा काढला ते नोंदवा. कॉम्प्युटरवरची नोंद किंवा फोटो मूळ यंत्राऐवजी नकलेच्या रूपात कोर्टात द्यायचा तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. हे काम तुमचं नाही, रुग्णालयाचं आहे. पण स्वतःचा पासवर्ड दुसरीला देऊ नका. तुमच्या नावाने तिने भरलेल्या नोंदीचा जबाब कोर्टात तुम्हालाच द्यावा लागेल.

साक्ष पडद्यावरूनही होते. मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्यता दिली, आणि नव्या संहितेत सरकारी नोकराची साक्ष अशी घेण्याची तरतूद आहे. बदली होऊन लांब गेलेल्या सिस्टरला ही मोठी सोय. तरी माझा सल्ला, जमत असेल तर प्रत्यक्ष जा. जखम अंगावर कुठे होती ते हाताने दाखवताना न्यायाधीशांना समोरून दिसलेलं बरं. पडद्यावरूनच द्यायची असेल तर खोलीत दुसरं कुणी नको आणि दाखवायचे कागद आधीच कोर्टात पोचलेले हवेत.

जाण्यापूर्वी सरकारी वकिलांना भेटून तुमची नोंद वाचून घ्या. तुम्ही स्वतः त्या वेळी लिहिलेला कागद पाहून आठवण ताजी करण्याची मुभा कायदा देतो. मात्र तोच कागद समोरचा वकीलही मागू शकतो, म्हणून मागाहून त्यात एक अक्षरही घालू नका. प्रश्न कुणीही विचारो, उत्तर न्यायाधीशांकडे पाहून, सावकाश द्या, कारण टंकलेखक ते टिपत असतो. ‘सीपीआर’, ‘आयव्ही’ न म्हणता ‘छाती दाबली’, ‘सलाइन लावलं’ म्हणा. ‘जखम किती तासांपूर्वीची?’ विचारलं तर ‘ते डॉक्टर सांगतील, मी पाहिलं ते असं होतं’ म्हणा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे. वकील आवाज चढवेल, ‘सिस्टर, खोटं बोलताय!’ म्हणेल. तो त्याच्या कामाचा भाग आहे, तुम्ही आवाज चढवू नका.

आणि साक्ष संपली की घाईने सही करून बसस्टँड गाठू नका. तुमचा जबाब तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. ‘नव्हती’चं ‘होती’ झालेलं असू शकतं. सहीच्या आधी न्यायाधीशांना सांगितलंत तर दुरुस्ती होते किंवा तुमच्या हरकतीची नोंद तरी होते.