मोडलेला पाय काय सांगतो

कुत्र्याचा पाय मोडला की ‘पडला असेल’ म्हणून आपण सोडून देतो. अमेरिकेतल्या डॉ. केम्प यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या मुलांची लक्षणं मांडली: काही हाडं नव्यानं मोडलेली, काही जुनी, आणि घरच्यांच्या सांगण्यात मेळ नाही. २००१ मध्ये एडिंबराच्या पशुवैद्य हेलन मन्रो यांनी तशीच लक्षणं कुत्र्या-मांजरांत दाखवली. युटामध्ये मारहाणीमुळे घर सोडलेल्या, प्राणी पाळणाऱ्या बायकांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं, जोडीदारानं त्या जनावरालाही इजा केली किंवा तशी धमकी दिली. जनावराच्या काळजीनं बाईचा पाय घरातून निघत नाही, याचं आम्हाला नवल नाही. आपल्याकडे जनावराला मारून टाकणं, जायबंदी करणं हा कलम ३२५ खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद. शेजारी असं दिसलं तर त्या घरातल्या बाईचीही विचारपूस करा. महिला हेल्पलाइन १८१.