यंत्राची तक्रार कोणाच्या शब्दांत लिहायची?



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत बेअरिंग आणि ग्रीस हा विषय, आणि वक्ता होमिओपॅथीचा डॉक्टर, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. पण आपले बेळगाव हे उद्यमबागचेही गाव आहे. फौंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्स यांवर इथली कितीतरी मराठी घरे चालतात. माझ्याकडे येणाऱ्यांत फिटर, टर्नर, ऑपरेटर पुष्कळ. स्वतःची पाठदुखी सांगता सांगता ते मशीनचे दुखणेही सांगतात. विषय तिथूनच सुचला.

बेअरिंग म्हणजे फिरत्या शाफ्टचा आधार. आत एक कडे, बाहेर एक कडे, मधे पोलादी गोळ्या. गोळी आणि कडे यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो, तो बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस त्याच्या पन्नास-शंभरपट जाड असतो. हा पापुद्रा टिकला की धातूला धातू लागत नाही. फौंड्रीतल्या वाळूचा एक बारीक कण आत शिरला, तरी तो फाटतो.

ग्रीस कमी पडले की बेअरिंग जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त झाले तरी जाते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. कोंबलेले ग्रीस आतल्या आत घुसळले जाते, तापते आणि त्यातले तेल सुटते. म्हणून मात्रा मोजावी लागते. पुन्हा ग्रीस भरण्याचा एक प्रचलित हिशेब असा: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यायची, दोन्हींचा गुणाकार करून त्याला ०.००५ ने गुणायचे, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० नंबरच्या बेअरिंगचा व्यास ११० आणि रुंदी २७, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ग्रीसगनच्या एका दाबाला किती ग्रीस येते, ते प्रत्येक गनचे वेगळे. दहा दाब कागदावर काढून तराजूत टाकले की कळते. तापमानाचाही नियम आहे: ७० अंश सेल्सिअसच्या वर दर १५ अंशांना ग्रीस भरण्याचे अंतर निम्मे करायचे.

आता निदानाकडे वळू. बेअरिंग बिघडू लागते तेव्हा पहिली खूण माणसाच्या कानाच्या पलीकडे, २० हजार हर्ट्झच्या वर उमटते. ती अल्ट्रासाउंडचे उपकरण पकडते. मग कंपनमापकावर ठरावीक वारंवारिता दिसू लागतात. आठ गोळ्यांचे बेअरिंग मिनिटाला १,४५० फेरे घेत असेल आणि बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल, तर सेकंदाला सुमारे ७७ ठोके मिळतात. कानाला स्पष्ट आवाज येतो आणि हात ठेववत नाही इतके तापते, ते बरेच शेवटी. म्हणून उपकरणाला पर्याय नाही, हे आधीच सांगतो.

पण आपल्या भागातल्या लहान कारखान्यांत असे उपकरण क्वचितच असते. तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक हाऊसिंगवर आणि मूठ कानाला, हाच स्टेथोस्कोप. आणि त्या कानाला शब्द आहेत. वंगण आटले की ‘कुईकुई’. कचरा गेला की ‘करकर’. एका जागी खड्डा पडला की ठेक्यात ‘टकटक’. झीज पसरली की ‘घरघर’. एका फिटरमामांनी मला सांगितले, “डॉक्टर, मोटर कण्हायलीय, अजून ओरडंना.” रोगाची पायरी यापेक्षा नेमकी कशी सांगायची?

हेच मामा लॉगबुकात काय लिहितात? ‘साउंड’. किंवा काहीच नाही, कारण रकाने इंग्रजीत असतात आणि स्पेलिंग चुकले तर साहेब हसतील असे वाटते. रात्रपाळीने ऐकलेले सकाळच्या पाळीपर्यंत पोहोचत नाही. आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी ‘ऑर्गॅनन’मध्ये वैद्याला सांगून ठेवले आहे, की रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ‘दुखते’ आणि ‘ठणकते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘करकर’ आणि ‘घरघर’ याही.

डॉक्टर म्हणून मला एक काळजी आहे. सतत ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात काम केले की श्रवणशक्ती घटते, आणि ती प्रथम जाते ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत. कोरड्या बेअरिंगची बारीक ‘कुईकुई’ अशाच वरच्या पट्टीत चढते. ज्याने उभे आयुष्य मशीन ऐकण्यात घालवले, त्यालाच ती ऐकू येईनाशी होते. बेअरिंग नवे बसवता येते; कानाच्या आतल्या पेशी पुन्हा येत नाहीत. हे फिटर आता निवृत्त होत आहेत. त्यांचे शब्द कुठल्याही कोशात या अर्थाने नोंदलेले मला आढळले नाहीत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. कारखानदारांनी लॉगबुकात तापमान, कंपन आणि ग्रीसचे ग्रॅम यांच्या शेजारी ‘आवाज कसा’ असा एक रकाना ठेवावा; मराठी, कन्नड, ज्याला जे येईल त्यात त्याने लिहावे. आणि इअरप्लग केवळ तपासणीच्या दिवशी नको, रोज द्यावेत.

दुसरी विनंती या संस्थेला. आपण बोलींचे शब्द जमवतो, ओव्या जमवतो. येत्या वर्षी दोन-चार रविवार उद्यमबागेत बसूया आणि हे आवाजाचे शब्द, कोणत्या बिघाडाला कोणता, असे लिहून घेऊया. छोटी पुस्तिका होईल. नव्या पोरांना ती कामाला येईल, आणि मराठीच्या पदरातही काही पडेल.