तांबडे निशाण आणि जुन्या मोटारी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा नवे कामगार कायदे असे काही तरी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ‘हौशी लोकांच्या जुन्या मोटारी’ असे कळविले. त्यांचा दोनदा फोन आला. पहिल्या वेळी त्यांना वाटले की पत्र चुकले. दुसऱ्या वेळी वाटले की आम्हीच चुकलो. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची विद्या युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि गॅरेजच्या ओट्यावर बसून मिळालेली. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये; जे पाहिले तेवढे सांगतो.

या हौसेचा एक जुना सोहळा इंग्लंडातला आहे. १८६५ च्या तेथील कायद्याप्रमाणे यंत्राने चालणाऱ्या गाडीपुढे तांबडे निशाण घेतलेला माणूस पायी चालवावा लागे. पुढे निशाणाची सक्ती गेली, तरी गाडीपुढचा माणूस आणि ताशी चार मैलांची मर्यादा राहिली. १८९६ साली ही बंधने सैल झाली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी सफर काढली आणि निघण्यापूर्वी न्याहारीच्या वेळी एक तांबडे निशाण समारंभपूर्वक फाडले. १९२७ पासून त्या सफरीची आठवण म्हणून १९०५ पूर्वीच्या गाड्या त्याच रस्त्याने काढतात. मधली युद्धाची आणि इतर काही वर्षे वगळावी. आपल्याकडे दिल्लीत ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ साली अशी रॅली सुरू केली. आता तांबडे निशाण फाडून ज्या हौसेचा मुहूर्त झाला, तिच्याकडे आमच्यासारख्याने कोणत्या नजरेने पाहावे, हे आपण समजू शकाल. श्रीमंतांची खेळणी, एवढेच आमचे मत होते.

दहाबारा वर्षांपूर्वी एका रविवारी आमचे एक सभासद हट्टाने आम्हांला मुंबईत हॉर्निमन सर्कलला घेऊन गेले. ते डेंटर, म्हणजे मोटारीचा पत्रा सरळ करणारे. वयाने आमच्याहून थोरले. सगळे त्यांना चाचा म्हणत. बागेच्या कडेने गाड्या उभ्या होत्या. मालक मंडळी मऊ फडक्याने बॉनेट पुसत होती, त्यांची मुले हॉर्नचा रबरी फुगा दाबून पाहत होती. प्रत्येक गाडीपुढे पाटी: कंपनी, साल, मालकाचे नाव.

तेथे फोर्डची ‘मॉडेल टी’ उभी होती. ज्या गाडीवर आम्ही अभ्यासवर्गात वीस वर्षे बोलत आलो, ती त्या दिवशी प्रथम पाहिली! १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटीच्या वर निघाली. १९१३ साली तिच्यासाठी सरकती जुळणी सुरू झाली आणि जी चेसिस जोडायला साडेबारा तास लागत, ती दीड तासात जुळू लागली. कामगार त्या जाचाला कंटाळून इतके सोडून जाऊ लागले, की १९१४ च्या जानेवारीत फोर्डला दिवसाचे पाच डॉलर जाहीर करावे लागले. हे सारे आम्हांला पाठ. पण तिला तीन पायपट्ट्या असतात, त्यांतली मधली दाबली की गाडी मागे जाते, हे आम्हांला मालकाच्या दहाबारा वर्षांच्या मुलीने शिकविले.

चाचा मात्र गाडीच्या तोंडाकडे जातच नव्हते. ते उकिडवे बसत, मडगार्डच्या आत हात घालून फिरवीत आणि डोळे मिटून घेत. तिसऱ्या की चौथ्या गाडीपाशी ते म्हणाले, “ये मेरा हाथ है.”

मंडळी, हा हात म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. कारण पुढची सारी हकीगत त्यावर आहे. युद्धापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांच्या बॉडीला आतून लाकडी सांगाडा असे. तो कुजला की सुतार लागतो आणि तो सुतारही गाडीची गोलाई जाणणारा हवा. पत्र्याला डॉली आणि हातोडी. सांध्यावर शिसे-कथिलाचा रांधा तापवून थापायचा, लाकडी पट्टीने बसवायचा, मग कानशीने घासायचा. तो कीस नाकातोंडात जातो. लांबी भरून वेळ मारून नेणारे पुष्कळ. शिसे बसविणारे थोडे. इंजिनाच्या बेअरिंगांत कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा पांढरा धातू ओततात. क्रँकला निळा रंग लावून फिरवायचा, जेथे निळे उमटेल तेथे हाताने खरवडायचे, पुन्हा निळा, पुन्हा खरवड. त्यात दिवसचे दिवस जातात. त्यानंतर कुशनवाला, वायरमन, निकेलवाला आणि शेवटी पेंटर. यांतले एकही नाव पाटीवर नसते. चाचांना तर तेव्हाच एका कानाने ऐकू येत नव्हते, पत्र्यावरच्या हातोडीमुळे.

पुढच्याच वर्षी चाचांना कामावरून दूर केले. ज्या वर्कशॉपात त्यांनी एकोणीस वर्षे काढली, त्याचे नाव येथे घेत नाही. मालकाचे म्हणणे असे, की हा मनुष्य आमचा नोकरच नव्हे. कधी मधी येऊन सुटे काम करी. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याने सलग पाच वर्षांची नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळे. पण आधी नोकरी सिद्ध व्हायला हवी. मस्टरवर नाव नाही, पगाराची चिठ्ठी नाही, ओळखपत्र नाही. आम्ही सालवार हिशेब विचारला, तर चाचांना साले आठवेनात. ते म्हणत, अमुक बुइक संपली तेव्हा मुलीचे लग्न झाले, तमुक ऑस्टिनच्या वेळी भाऊ वारला.

मग आम्ही तोच हिशेब धरला. अकरा गाड्यांची यादी केली आणि मालकांची दारे ठोठावली. सात जणांनी चहा दिला आणि नकार दिला. एकाने चहाही दिला नाही. तिघे कबूल झाले. मंडळी, हौशी माणसाला एक खोड असते, ती आम्हांला ठाऊक नव्हती. तो आपल्या गाडीची फाईल ठेवतो. दर रविवारी वर्कशॉपात जाऊन फोटो काढायचा आणि मागे तारीख लिहायची. त्या फोटोंत गाडी मध्यभागी आणि कडेला, अर्धे कापलेले का होईना, चाचा! त्याहून मोलाची होती ती वर्कशॉपची बिले. त्यांत डेंटरच्या मजुरीचे तास वेगळे लावलेले होते.

तिघांपैकी एक गृहस्थ स्वतः साक्षीला आले, तीन तारखांना. उलटतपासणीत वकिलांनी विचारले, “यांना पगार देताना तुम्ही पाहिलेत काय?” ते म्हणाले, “नाही. पण चौदा महिने दर रविवारी मी यांना त्याच बाकावर पाहिले. आणि यांच्या तासांचे पैसे तुमच्या अशिलांनी माझ्याकडून घेतले आहेत.” आम्ही पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. अशी थोडी. मागणी एकोणीस वर्षांची होती, मान्य झाली अकरांची. बाकीची आठ वर्षे ज्या गाड्यांवर गेली, त्यांच्या फाइली मिळाल्या नाहीत.

आता सरकारी नियमाकडे येऊ. २०२१ पासून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्थितीत राखलेल्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा नंबर मिळतो. फी वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला नाही. चांगली गोष्ट आहे. पण त्याच मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचे वय वीस वर्षे ठरविलेले. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली २००३ च्या ऑक्टोबरात आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिची मुदत संपली. टॅक्सीवाल्यानेही हौस केली होती. छताला फुलाफुलांचे कापड, पुढे देवाची तसबीर, आरशाला माळ. ती गाडी पन्नाशीला पोचणार तरी कशी?

गाडीचे रूप पालटण्याची हौसही जुनीच. १९१० साली कलकत्त्यात एका इंग्रजी बनावटीच्या मोटारीचा चक्क राजहंस होता. चोचीतून वाफ सुटे. आज तो हॉलंडातल्या संग्रहालयात आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा निराळा फेरफार चालणार नाही. यात छोट्या गॅरेजांच्या पोटावर पाय येतो हे खरे. तरी सायलेन्सर कापून फटाके वाजविणाऱ्या पोरांची बाजू आम्ही घेणार नाही. चाचांचा दुसरा कान अजून शाबूत आहे.

खटल्यानंतर आम्ही हौशी मंडळींना एक सूचना केली, की पाटीवर कारागिरांची नावे लिहा. बहुतेकांनी टाळले. कारण विचारता एकाने खरे ते सांगितले: “नाव लिहिले तर दुसरा मालक त्याला जास्त पैसे देऊन पळवील.” आम्ही म्हटले, महाराज, आमची युनियन तीस वर्षे याचसाठी झटते आहे! ते हसले, पाटी मात्र तशीच राहिली.

साक्षीला आलेल्या गृहस्थांनी लिहिली. पुढच्या रॅलीला त्यांच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली चार नावे होती. पाटी इंग्रजीत आणि चाचांना वाचता येते ते उर्दू, म्हणून आम्ही मोठ्याने वाचून दाखविली. चाचांनी चांगला कान पुढे करून ऐकली आणि म्हणाले, “वो वेल्डिंगवाला लडका रह गया.” गृहस्थांनी खिशातले पेन काढले, नाव विचारले आणि खाली लिहून घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी पाटी नवी छापली होती. तीत पाच नावे होती.