परदेशची भातविद्या आणि आपली जमीन
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



माझे आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर मात्र शेताने मलाच एक धडा शिकविला. तो आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

एका देशातील शेतीची रीत दुसऱ्या देशात नेणे ही गोष्ट नवी नव्हे. १९५३ च्या सुमारास आपल्याकडे जपानी भातशेतीचा प्रसार सुरू झाला. गादीवाफ्यावरील रोप, थोडे बी, दोरी धरून ओळीत लावणी आणि भरपूर खत, हे तिचे स्वरूप. माझे वडील सांगत की, ओळींमुळे बेणणी सोपी झाली, हे सर्वांस पटले. परंतु आपले उंच वाढणारे जुने भात जास्त खत मिळताच पावसात आडवे पडे. खत मानवणारे बुटके भात पुढे १९६६ साली फिलिपाइन्समधील संशोधन संस्थेने 'आय. आर. ८' या नावाने दिले, आणि त्याच्या संकरातून निपजलेली 'रत्ना' ही जात कोकणात रुजली.

काही वर्षांपूर्वी मादागास्कर बेटावरील रीत माझ्या वाचनात आली. तेथे हेन्री द लोलानिए या फ्रेंच धर्मगुरूने १९८३ मध्ये ती सिद्ध केली. आठ ते बारा दिवसांचे कोवळे रोप, एका चुडात एकच काडी, दोन चुडांत सुमारे वीतभर अंतर, आणि शेतात पाणी न तुंबविता माती केवळ ओलसर ठेवणे, ही तिची मुख्य अंगे.

उत्साहाच्या भरात मी ती पेणच्या खारेपाटातील आमच्या खाचरात जशीच्या तशी उतरविली. शेजारच्या वृद्ध तात्यांनी बजावले होते, "मास्तर, खारात पाणी सोडू नका, मीठ वर येईल." मी पुस्तकावर विसंबलो. पुढे पावसाने ओढ दिली, मातीवर पांढरा पापुद्रा धरला आणि रोपे शेंड्यापासून करपली. खाऱ्या जमिनीत उभे असलेले गोडे पाणी क्षारांना खाली दाबून ठेवते. जमीन सुकू लागताच ते वर चढतात, आणि कोवळ्या रोपाला ते सोसत नाहीत. त्या वर्षी आमच्या घरी भात विकत आणावे लागले. धाकटा मुलगा म्हणाला, "अण्णा, आता ही जमीन विकून टाकू." मजजवळ उत्तर नव्हते.

तीच रीत मी पुढे रोह्याकडे, डोलवहाल बंधाऱ्याच्या कालव्याखालील मामांच्या शेतात उन्हाळी भाताला लावून पाहिली. जमीन गोडी, पाणी हवे तेव्हा घ्यावे आणि हवे तेव्हा तोडावे. तेथे एकेका काडीला फुटवे इतके आले की, मामांनी बांधावर बसून ते मोजले!

दोष रीतीचा नव्हता, पारख न करणाऱ्याचा होता. पारख कशी करावी, हे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत दिसते. कोकणच्या मुसळधार पावसात वर फेकलेले खत वाहून जाते, म्हणून त्यांनी चार चुडांच्या मध्ये खताची गोळी खोल खोचण्यास सांगितले. हिरवळीच्या खतासाठी त्यांनी गिरिपुष्प घेतला. तो वृक्षही मूळचा मध्य अमेरिकेतला, परंतु आता आपल्या बांधांवर सुखाने वाढतो.

खारेपाटातील शेत मी विकले नाही. पुढील वर्षी क्षार सोसणारे 'पनवेल' जातीचे बी आणले, पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाऊ दिले आणि वाढलेले रोप उभ्या पाण्यात लावले. मादागास्करच्या रीतीतून कुजलेले खत आणि ओळ एवढेच घेतले. भात घरापुरते झाले. धाकटा कापणीस आला होता.

माझी एकच विनंती आहे. आपल्या घरातील वृद्धांना प्रत्येक खाचराचा स्वभाव ठाऊक आहे. तो त्यांच्याकडून विचारून वहीत उतरून ठेवा. उद्या आणखी एखाद्या देशाची रीत येईल, तेव्हा आपल्या मुलांच्या हाती ती वही असावी.