दार कसं होतं?

घरात चोरी झाली की फिर्याद देताना आपण गेलेल्या मालाची यादी घडाघडा म्हणतो. पाटल्या किती तोळ्यांच्या, रोकड किती, कपाटातलं काय काय. दाराबद्दल कुणी बोलत नाही, आणि कायदा तर आधी दाराकडे बघतो. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, राहत्या घरातल्या चोरीला सात. त्याच चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर दहापर्यंत, सूर्यास्तानंतर फोडलं तर चौदापर्यंत. पाटल्या त्याच, तोळेही तेवढेच! कणकेचा गोळा एकच, तव्यावर टाकला की पोळी, कढईत सोडला की पुरी, तसंच हे. घरफोडीत तर कधी कधी कणीकच नसते. चोर चोरीसाठी आत शिरला आणि काही न घेता पळाला, तरी घरफोडी झालीच. इथे माझी पोळी जरा करपते, पण चालवून घ्या. कुणी म्हणेल, जुलै २०२४पासून किमतीलाही महत्त्व आलंय, पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला माल परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. खरं आहे, पण ती सवलत साध्या चोरीपुरती. घर फोडलं की ती लागू नाही.

‘आमचं कुलूप तुटलंच नाही, मग घरफोडी कसली?’ अहो, तुटायला कशाला हवं? तुमची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि तिनं दार उघडून तो आत शिरला, तर ती घरफोडीच. १८६०च्या दंडसंहितेतच हे उदाहरण दिलेलं होतं. भोकातून तार घालून कडी काढली, खिडकीतून आला, तरी तेच. दार सताड उघडं असेल आणि तो सरळ आत आला, तर मात्र ती घरातली चोरी. म्हणून पुन्हा सांगतो, दार उघडं होतं, बंद होतं की कुलूप होतं, ते आधी सांगा. उघडं होतं म्हणायला लाज वाटते, विमा बुडेल अशी भीतीही वाटते. भीती अगदीच खोटी नाही. विम्याच्या दाव्यात दंडसंहितेची नव्हे, पॉलिसीतली व्याख्या चालते, आणि तिच्यात बळाच्या वापराची अट असेल तर ती पुरी व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली म्हटलंय. म्हणजे किल्लीनं उघडलेलं दार फौजदारीत घरफोडी, विम्यात नाही, असंही होऊ शकतं. पण म्हणून कोयंडा तुटल्याचं रचून सांगू नका. पंचनाम्यात तो शाबूत दिसतो, आणि मग तुमच्या खऱ्या पाटल्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

जबरी चोरी आणि दरोडा राहिलेच, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्यात. एवढंच सांगतो, मारहाण करून किंवा तिचा धाक दाखवून नेलं तर जबरी चोरी, तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं तर दरोडा. कुलूपबंद, रिकामा बंगला सहा जणांनी साफ केला तर बातमीत हमखास दरोडा छापतात. पण धाक बसायला घरात माणूस तर हवं! त्याबद्दल पुढच्या वेळी.