तेल्यावरची पुडी

डाळिंबाचा बहार धरलेला असताना आभाळ भरून आलं आणि हवा दमट झाली, की आटपाडीच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. पानावर, फळावर तेलकट डाग उमटतो, फळ तडकतं. हा तेल्या. मग पाण्यात पुडी कालवून फवारणी होते. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असतं. क्षयाच्या रोग्यांना इंजेक्शनातून देत आले, तेच हे स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शाट्झ यांना ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं.

तेल्या बुरशीमुळे नव्हे, जिवाणूमुळे होतो. जिवाणूची सगळी प्रथिनं रायबोझोममध्ये घडतात. जनुकाकडून आलेला संदेश तिथे वाचला जातो आणि त्या हुकमाप्रमाणे एकेक अमिनो आम्ल जोडलं जातं. टेट्रासायक्लिन नव्या अमिनो आम्लाची येण्याची जागाच अडवतं, साखळी तिथेच खुंटते. स्ट्रेप्टोमायसिन मात्र संदेश चुकीचा वाचायला लावतं. भलतंच आम्ल जोडलं जातं, बिघडलेली प्रथिनं पेशीच्या आवरणात शिरतात, आवरण गळू लागतं आणि जिवाणू मरतो. ही औषधं रायबोझोमवर नेमकी कुठे बसतात, ते केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटानं २००० साली दाखवलं. रायबोझोमवरच्या कामासाठी २००९ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माणसाच्या पेशीतल्या रायबोझोमची घडण निराळी, म्हणून रोगी वाचतो. तरी स्ट्रेप्टोमायसिननं कानाला इजा होऊ शकते.

रायबोझोममधल्या एस-१२ या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी स्ट्रेप्टोमायसिन निष्प्रभ ठरू शकतं. कोट्यवधी जिवाणूंत असा एखादा निघतो. फवारा बाकीच्यांना मारतो आणि त्याला रान मोकळं होतं. मला याहून मोठी भीती वाटते ती औषधाला दाद न देणाऱ्या जनुकांची. ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात, माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंकडेसुद्धा.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेतीतल्या या दोन्ही औषधांवर बंदीचा मसुदा काढला. कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याला पुडी सोडणं किती जड जातं, हे मी जाणतो. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो.

पुडीवर विसंबण्याऐवजी तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहार धरा. रोगमुक्त रोपं लावा, बागेला विश्रांती द्या, रोगट फांद्या छाटून जाळा. आणि छाटताना कात्री दर झाडागणिक सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, कारण रोग पात्यावरूनही पुढच्या झाडावर जातो.